अनागतविधात्याची पेढी

हितोपदेशांतील तीन माशांची गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांनीं लहानपणीं ऐकिली असेल. धीवर उद्यां तळ्यावर येणार हें कळतांच अनागतविधाता दुसऱ्या जलाशयांत निघून गेला. प्रत्युत्पन्नमति जाळ्यांत सांपडला, परंतु मेल्याचें सोंग घेऊन त्यानें आपला जीव वांचविला. यद्भविष्य मात्र 'व्हावयाचें तें होईल' म्हणून स्वस्थ बसला आणि प्राणांस मुकला. महाभारताच्या शांतिपर्वांत, आपद्धर्माच्या प्रकरणांतही ही कथा थोड्या फरकानें आली आहे. वर्गांत ही गोष्ट सांगून झाल्यावर 'ह्या तिघांत शहाणा कोण?' असें विचारण्याचा आमचा परिपाठ असे, आणि मुलांचा कौल बहुतकरून प्रत्युत्पन्नमतीकडे पडे. आधींच निघून गेलेल्याची गोष्ट दोन वाक्यांत संपते. जाळ्यांतून सुटलेल्याची मात्र रंगवून सांगतां येते!

मोठीं माणसेंही ह्या बाबतींत मुलांहून फारशीं निराळीं नसतात. पूर आला, आग लागली, म्हणजे कोणी काय धैर्य दाखविलें ह्याच्या कथा आपण आवडीनें ऐकतों. पण त्या धैर्यास वाव मिळावा म्हणून आधीं कोणी, किती वर्षें बसून कंटाळवाणीं टिपणें तयार केलीं, हें कोणी विचारीत नाहीं. आज आम्ही त्या कंटाळवाण्या कामाविषयींच चार शब्द लिहिणार आहों, आणि त्यासाठीं उदाहरण घेणार आहों तें बँकेचें.

बँकेचेंच कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर प्रत्येकाच्या घरांत आहे. एके काळीं मध्यम स्थितीच्या कुटुंबांत वर्षाचें धान्य कणगींत, अडीअडचणीचे रुपये फडताळांत आणि चार दागिने पेटींत असत. आतां वडील माणसांचें निवृत्तिवेतन, मुलांसुनांचे पगार, नातवंडांच्या शाळेची फी, दूधवाल्याचा हिशेब आणि वाण्याचें बिल हें सर्व बँकेंतील एका आंकड्यावर चालतें, व तो आंकडा मोबाइलच्या कांचेवर दिसतो. सोय मोठी आहे. तिला नांवें ठेवण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु वीज गेली, तार तुटली, रस्ता पाण्याखालीं गेला, तर तो आंकडा खरा असूनही त्याची भाकरी होत नाहीं. शिवाय, ठेवीदारांचा सगळाच पैसा कोणतीही बँक तिजोरींत ठेवून बसलेली नसते. त्यांतील बराचसा कर्जाऊ दिलेला असतो. म्हणून संकटकाळीं बँकेचें दार दोन दिवस बंद राहिलें, तर तिसऱ्या दिवशीं 'पैसे बुडाले' अशी आवई उठते, आणि सगळेच एकदम दाराशीं येऊन उभे राहतात. निसर्गाच्या पहिल्या संकटापेक्षां अविश्वासाचें हें दुसरें संकट बँकेस अधिक घातक होय.

ह्या दुसऱ्या संकटाचा बंदोबस्त कसा करावा लागतो, हें न्यूयॉर्क येथें ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दिसून आलें. इमारती कोसळल्या, टेलिफोनच्या तारा तुटल्या. कांहीं मोठ्या संस्थांनीं पर्यायी कचेऱ्या ठेविल्या होत्या खऱ्या. परंतु त्या मूळ कचेरीच्या इतक्या जवळ होत्या कीं, एकाच आघातांत दोन्ही निरुपयोगी झाल्या. एका बँकेचे पैसे दुसरीकडे वेळेवर पोहोंचेनात. त्या वेळीं फेडरल रिझर्व्ह, म्हणजे तेथील मध्यवर्ती बँक, हिनें आपलें काम चालू असून गरजू बँकांस कर्ज मिळेल असें त्याच दिवशीं जाहीर केलें. दुसऱ्या दिवशीं बँकांनीं तिच्याकडून घेतलेलें कर्ज सुमारें ४,५०० कोटी डॉलरांवर गेलें. एरवीं हा आंकडा त्याच्या एका क्षुल्लक अंशाएवढा असे. विमानें जमिनीवर खिळून राहिल्यामुळें एका शहराचे चेक दुसऱ्या शहरीं जाईनात. तेव्हां मूळ कागदाऐवजीं त्याची प्रतिमा चालावी, असा कायदा पुढें २००३ सालीं झाला. त्याच वर्षीं तेथील नियामकांनीं मोठ्या संस्थांस बजावलें कीं, पर्यायी ठाणें मूळ ठाण्यापासून पुरेसें दूर असावें, आणि दोहोंची वीज, पाणी व माणसें एकाच उगमावर अवलंबून नसावींत.

हा झाला बँक आणि नियामक ह्या दोघांतील व्यवहार. परंतु संकट काहीं मुख्य कचेरीच्या सोयीनें येत नाहीं. तें एखाद्या गल्लींत, एखाद्या पुलावर येतें. तेथें नियामकाचा हुकूम चालत नाहीं. तेथें अधिकार असतो पोलिसाचा, अग्निशामक दलाचा आणि नगरपालिकेचा. ही गोष्ट शिकागोच्या बँकवाल्यांनीं ओळखली. त्यांच्या शहरावर हल्ला झाला नव्हता. तरीही कोणता भाग रिकामा करावयाचा, कोणता रस्ता बंद, आंत कोणास जाऊं द्यावयाचें, हें जे लोक ठरवितात त्यांच्याशीं आपला बसण्याउठण्याचा संबंधच नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें. एरवीं परस्परांचीं गिऱ्हाइकें ओढणाऱ्या ह्या संस्थांनीं २००३ सालीं एकत्र येऊन 'शिकागोफर्स्ट' नांवाचें मंडळ काढलें. आपत्तीच्या वेळीं शहराच्या नियंत्रणकक्षांत ह्या मंडळाच्या प्रतिनिधीस एक खुर्ची मिळाली. पुढें दुसऱ्या शहरांनींही तोच कित्ता गिरविला. खुर्ची ती काय, असें वाटेल. परंतु त्या खुर्चीवर बसलेल्या माणसास कळतें कीं, अमुक रस्ता चार तासांनीं मोकळा होणार. आणि पोलीस अधिकाऱ्यास कळतें कीं, नाक्यावर अडविलेली ती गाडी रोकड घेऊन निघाली आहे. दोघांचें ज्ञान एकमेकांजवळ असण्यासाठीं दोघांची ओळख आधीं व्हावी लागते. आगीच्या ज्वाळांत कोणी कोणाचें ओळखपत्र वाचीत नाहीं.

आतां दुसरें उदाहरण. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रुझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हें वाचक विसरले नसतील. त्यानंतर जेमतेम महिन्याभरानें, २९ ऑगस्ट रोजीं, अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅटरिना नांवाचें चक्रीवादळ आदळलें. मिसिसिपी राज्यांत गल्फपोर्ट येथें हॅन्कॉक बँकेचें मुख्य ठाणें होतें. १८९९ सालीं स्थापन झालेली ही बँक त्या किनाऱ्यावर घरची समजली जाई. वादळानें मुख्य इमारतीची दुर्दशा केली, अनेक शाखा मोडून पडल्या, वीज नाहीं, टेलिफोन नाहीं, एटीएम मुके. लोकांच्या हातीं रोकड नाहीं, आणि रोकडीवांचून पेट्रोल नाहीं कीं अन्न नाहीं. अशा वेळीं ह्या बँकेच्या नोकरांनीं मोडक्या शाखांसमोर टेबलें मांडलीं. समोर येईल त्यास, मग तो आपला खातेदार असो वा नसो, नांवनिशाणी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घेऊन दोनशें डॉलरांपर्यंत रोख रक्कम दिली. पाण्यांत भिजलेल्या, चिखलानें माखलेल्या नोटा त्यांनीं धुतल्या, वाळविल्या, इस्त्री करून सपाट केल्या आणि वाटल्या. अशा रीतीनें चिठोऱ्यांवर दिलेली रक्कम चार कोटी डॉलरांहून अधिक भरली. आणि सांगावयास संतोष वाटतो कीं, थोडा भाग वगळतां ती सर्व परत आली.

ही हकीकत जो कोणी सांगतो तो माणुसकीचा विजय म्हणून सांगतो, आणि तें खरेंच आहे. परंतु येथेंच आमच्या वर्गांतील मुलांची चूक आपल्याकडून होण्याचा संभव असतो. टेबल मांडणारा तो कारकून प्रत्युत्पन्नमति खरा. पण त्याच्या मागें एक अनागतविधाता उभा होता, तो कथेंत दिसत नाहीं. खात्यांच्या नोंदी किनाऱ्यापासून दूरच्या पर्यायी केंद्रांतून पुन्हां चालू करण्याची योजना आधीं केलेली नसती, तर आपल्याजवळ काय आहे आणि काय नाहीं ह्याचाच त्या बँकेस पत्ता लागला नसता. शिवाय त्या दिवसांत तेथील नियामकांनीं बँकांस उत्तेजनच दिलें होतें कीं, एटीएमचें शुल्क माफ करावें, रक्कम काढण्याची मर्यादा वाढवावी, परक्या गिऱ्हाइकाचे चेकही वटवावे आणि कागदपत्रें वाहून गेलेल्यांची ओळख अन्य मार्गांनीं पटवून घ्यावी. म्हणजे कारकुनाच्या हृदयांत दया होती, दूरच्या शहरांत हिशेब होता, आणि वरिष्ठांच्या कडून नियम सैल करण्यास मोकळीक होती. ह्या तिहींपैकीं एक जरी उणें असतें, तरी दयेचें रूपांतर अफरातफरींत किंवा अंदाधुंदींत होण्यास वेळ लागला नसता.

आमचें म्हणणें थोडक्यांत हें कीं, बँकेची आपत्कालीन तयारी म्हणजे केवळ यंत्रांची तयारी नव्हे. संकट आल्यावर कोणी, कोणावर, किती आणि कोणाच्या आज्ञेनें विश्वास ठेवावा, हें संकट येण्यापूर्वीं ठरवून ठेवणें, ही ती तयारी होय. हितोपदेशांतील मासे आपापला जीव वांचवितात. बँकेस तसें करतां येत नाहीं. एकटी बँक शाबूत राहिली आणि भोंवतालचा गांव बुडाला, तर ती बँक कोणाची?

हें लहान प्रमाणावर आम्हीं स्वतःही पाहिलें आहे. मागें एका पावसाळ्यांत आमच्या गांवीं तीन दिवस वीज नव्हती. मोबाइल निपचित पडले, एटीएमचें दार उघडें पण यंत्र बंद, आणि एका बँकेच्या शाखेवर 'व्यवहार बंद आहेत' एवढ्या तीन शब्दांची पाटी. केव्हां सुरू होतील, निकड असल्यास कोठें जावें, ह्याचा पाटीवर उल्लेख नव्हता. आमच्या घरीं दहा माणसें. पण आमची चूल अडली नाहीं, कारण कोपऱ्यावरचा वाणी आम्हांस तीस वर्षें ओळखतो. त्यानें जुनी वही काढली आणि उधारी मांडली. आमच्या शेजारीं भाड्याच्या खोलींत राहणारी एक तरुण परिचारिका मात्र नुकतीच बदलून आलेली. खात्यांत पगार जमा, परंतु हातांत सुटे वीस रुपये. वाणी तिला ओळखत नव्हता. आमच्या सूनबाईंनीं 'ह्यांच्या नांवाचें आमच्या पानावर लिहा' असें सांगितलें, तेव्हां तिला तांदूळ व दूध मिळालें. चौथ्या दिवशीं वीज आली आणि तिनें आधीं वाण्याचे पैसे फेडले. त्या तीन दिवसांत गावांतली सर्वांत सावध पेढी त्या वाण्याची होती, असें आम्ही आजही मानतों. परंतु तिची कक्षा त्याच्या ओळखीपुरती होती. ज्याची कोणाशीं ओळख नाहीं, त्याचें काय, ह्या प्रश्नाचें उत्तर वाणी देऊं शकत नाहीं. तें बँक, सरकार आणि गांव ह्यांनीं मिळूनच द्यावयाचें आहे.

आपल्या देशांत ह्याविषयीं विचार झालेला नाहीं असें नव्हे. रिझर्व्ह बँकेनें नैसर्गिक आपत्तीसंबंधानें जे निर्देश २०१८ सालीं एकत्र करून प्रसिद्ध केले, ते आम्हीं लक्षपूर्वक वाचले. शाखेची इमारत निकामी झाल्यास बँकेनें रिझर्व्ह बँकेस कळवून तात्पुरत्या जागेंतून काम चालवावें. गिऱ्हाइकास तातडीची रोकड लागल्यास मुदत ठेव मोडण्याचा दंड माफ करण्याचा विचार करावा. ज्याचीं कागदपत्रें नष्ट झालीं त्यासही, सामान्यतः पन्नास हजार रुपये शिलकेच्या मर्यादेंत, लहान खातें उघडून द्यावें, म्हणजे मदतीची रक्कम त्याच्या हातीं पडेल. आणि पीक गेलेल्या शेतकऱ्याच्या कर्जाची फेड पुढें ढकलावी, अशा तरतुदी त्यांत होत्या. हे नियम ज्यानें लिहिले त्यास पूर काय असतो हें ठाऊक असलें पाहिजे.

२०२० च्या टाळेबंदींत तर रिझर्व्ह बँकेनें स्वतःच्या घरापासून आरंभ केला. देशांतील बँकांचे मोठे व्यवहार, सरकारचें कर्ज व चलन हीं सांभाळणारी यंत्रणा थांबूं नये म्हणून अधिकारी, नोकर व बाहेरचे सेवक अशीं सुमारें दीडशें माणसें घरादारापासून दूर, विलगीकरणांत राहून अहोरात्र काम करीत होतीं. त्या वेळच्या गव्हर्नरांनीं १७ एप्रिल २०२० च्या निवेदनांत त्यांचे आभार मानले. घरीं बसून आपण मोबाइलवरून वाण्यास पैसे पाठवीत होतों, तेव्हां त्या सोयीच्या मागें कोणाचीं तरी मुलेंबाळें आईबापांची वाट पाहत होतीं, हें आपल्या लक्षांत राहावें.

आणखी एक गोष्ट आपल्याजवळ आहे, तिचें महत्त्व आपणांस पुरतें उमगलेलें नाहीं. १९६९ सालीं सुरू झालेल्या अग्रणी बँक योजनेमुळें प्रत्येक जिल्ह्यांत बँकांची एक सल्लागार समिति असते, आणि तिच्या अध्यक्षस्थानीं जिल्हाधिकारी असतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानें जिल्ह्याच्या आपत्ती-प्राधिकरणाचे प्रमुखही तेच. म्हणजे शिकागोच्या बँकांस जी खुर्ची खटपट करून मिळवावी लागली, ती आपल्या प्रत्येक जिल्ह्यांत आधींच मांडलेली आहे! उणीव आहे ती त्या खुर्चीवर बसून योग्य वेळीं योग्य विषय काढण्याची. २०१८ च्या त्याच निर्देशांत समितीची खास सभा आपत्ती घडल्यावर ताबडतोब भरवावी असें होतें. तें आवश्यकच, परंतु आमच्या मतें खरी सभा वैशाखांत भरली पाहिजे, श्रावणांत नव्हे. २०१९ सालीं सांगली-कोल्हापुरांत आणि २०२१ सालीं चिपळुणांत पाणी कोणत्या गल्लींत किती चढलें, हें आतां सर्वांस माहीत आहे. तर मग त्या गल्लींतील शाखेची रोकड पुराच्या आधल्या दिवशीं कोणत्या गांवीं हलवावी, नावेंतून किंवा ट्रकमधून ती परत आणतांना पोलीस कोण देणार, निवारा-केंद्रांत पैसे देणारा बँकेचा माणूस कोणत्या वर्गखोलींत बसेल आणि त्याच्या जनित्रास डिझेल कोठून येईल, एवढे चार प्रश्न पावसाआधीं सोडविणें अशक्य नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, बँका तालमी घेतातच. होय, घेतात. रिझर्व्ह बँकेनें नोव्हेंबर २०२३ मध्यें काढलेल्या व पुढील एप्रिलपासून लागू झालेल्या निर्देशांत, महत्त्वाच्या संगणक-व्यवस्था पर्यायी केंद्रावरून चालवून पाहण्याची तालीम निदान सहा महिन्यांतून एकदां व्हावी असें घातलें आहे. आम्हां मास्तरांस ही सहामाही परीक्षा वाचून आनंदच झाला! परंतु परीक्षा घेण्यांत ज्याचा जन्म गेला त्यास एक गोष्ट ठाऊक असते: मुलांनीं स्वतःच प्रश्नपत्रिका काढून स्वतःच सोडविली, तर सगळेच उत्तीर्ण होतात. संगणक एका केंद्रावरून दुसऱ्यावर नेला, तो चालला, अहवाल लिहिला, हें ठीक. पण त्या तालमींत तहसीलदार होते काय? अग्निशामक केंद्राचे प्रमुख होते काय? वीज कंपनीच्या अभियंत्यास, कोणत्या शाखेची तार आधीं जोडावयाची, हें विचारलें काय? आणि शाखेंतील जो शिपाई स्वतः पुराच्या पट्ट्यांत राहतो, त्याच्या कुटुंबाची सोय कोण करणार, हें कोणी लिहून ठेविलें काय? कॅटरिनानंतर तेथील नियामकांनीं जे धडे एकत्र केले, त्यांत हा एक ठळक होता कीं, नोकरांचींच घरें वाहून गेलेलीं असल्यामुळें उत्तम योजना राबविण्यास माणसेंच उरलीं नाहींत. घरचें माणूस सुखरूप आहे हें कळल्यावांचून कोणाचाही हात दुसऱ्याचे पैसे मोजण्यास धजत नाहीं.

दुसरी एक शंका अधिक गंभीर आहे. ओळखीवर भर दिला, तर वशिलेबाजी माजेल. म्हणून नियम कडक असावेत, असें पुष्कळ जबाबदार गृहस्थ म्हणतात. शंका रास्त आहे. हल्लींच्या फसवणुकीच्या दिवसांत बँकेनें अनोळखी माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असें आमचें बिलकुल म्हणणें नाहीं. उलट, आपत्तींत कोणता नियम, किती दिवस आणि किती रकमेपुरता सैल होईल, हें आधींच छापून ठेवलेलें असलें, म्हणजे वशिल्यास जागाच राहत नाहीं. आपद्धर्म हा स्वैराचार नव्हे. तोही धर्मच, त्यासही मर्यादा आहेत, आणि त्या शांतपणीं ठरवाव्या लागतात. घाबरलेल्या मनानें ठरविलेला अपवाद दुसऱ्या दिवशींचा पायंडा बनतो.

आतां राहिला आपल्या घरांचा प्रश्न. बँकेनें काय करावें हें सांगणें सोपें. आपणही कांहीं अंशीं अनागतविधाते व्हावयास हवें. घरांतील चारदोन दिवसांच्या खर्चापुरत्या लहान नोटा फडताळांत असाव्यात. मोठी नोट संकटांत कोणी मोडून देत नाहीं. खात्यांचे क्रमांक, विम्याचे क्रमांक व वारसदाराच्या नोंदी ह्यांची एक प्रत हातानें लिहून घरांत आणि दुसरी परगांवच्या आप्ताजवळ ठेवावी. मोठ्या बँकांस जें दूरच्या पर्यायी केंद्राचें ज्ञान इतकी किंमत देऊन झालें, तें एकत्र कुटुंबांस मामा-आत्यांच्या रूपानें फुकट उपलब्ध आहे. मात्र गुप्त अंक कोठेंही लिहूं नयेत, आणि संकटांत टेलिफोनवरून ते विचारणाऱ्यास मदतनीस न समजतां चोर समजावें. घरांतील एका तरी तरुणानें शाखेंत जाऊन तेथील अधिकाऱ्यास विचारावें कीं, 'पूर आला तर तुम्ही कोठें बसाल?' उत्तर मिळालें, तर तें भिंतीवर लिहून ठेवावें. न मिळालें, तर तोच प्रश्न ग्रामसभेंत विचारावा, नगरसेवकास विचारावा, आणि जिल्हाधिकाऱ्यांस पत्र लिहून विचारावा. पाऊस सुरू होण्यास अजून अवकाश असेल तेव्हांच हें करावें. कारण त्या वेळीं त्या अधिकाऱ्यास उत्तर शोधण्यास सवड असते, आणि आपल्याला तें ऐकून घेण्यास.